अणुशक्तीची मोटार भंगारात कुठे जाणार?



नवीन जालन्याहून औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर थोडा वेळ उभे राहिले, की भंगाराने भरलेले ट्रक एकामागून एक जाताना दिसतात. गंजके पत्रे, कापलेले नळ, मोडक्या खुर्च्या, सायकलींच्या चौकटी, आणि मधूनच एखाद्या जुन्या मोटारीचे चेपलेले दार. हे सगळे येथल्या विजेच्या भट्ट्यांत वितळते. त्या रसाचे ठोकळे ओततात, ठोकळे तापवून रोलिंग मिलमध्ये लाटतात, आणि त्यांतून घरबांधणीच्या सळया निघतात. जालन्याची सळई महाराष्ट्रात कुठे कुठे पोचते हे एखाद्या बांधकामावरच्या गवंड्याला विचारून पाहा.

असाच एक ट्रक पुढून जात असताना नववीतल्या एका मुलाने मला विचारले, “सर, पाणबुडी अणुशक्तीवर चालते, वीज अणुशक्तीवर तयार होते, मग मोटार का नाही? पेट्रोलची कटकटच संपेल.” या प्रश्नाचे ठरलेले उत्तर पुस्तकांत सापडते: अणुभट्टी जड असते. उत्तर खरे आहे, पण माझ्या मते ते अपुरे आहे. खरे उत्तर त्या मुलाच्या डोळ्यांसमोरून चाललेल्या ट्रकमध्येच होते. तिथपर्यंत आपण पायरीपायरीने जाऊ.

आधी त्या मुलाची बाजू घेऊ. त्याची कल्पना वेडगळ मुळीच नाही. युरेनियम-२३५ चे अणू भंग पावले, की किती ऊर्जा मिळते याचा हिशोब वहीत मांडून पाहा. एका ग्रॅममध्ये सुमारे २५६ वर १९ शून्ये इतके अणू असतात. प्रत्येक अणूच्या भंगातून सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा बाहेर पडते. गुणाकार केला तर एका ग्रॅमची ऊर्जा सुमारे ८,२०० कोटी ज्यूल भरते. एक लिटर पेट्रोल जाळले तर सव्वातीन कोटी ज्यूलच्या आसपास मिळतात. म्हणजे एक ग्रॅम युरेनियम बरोबर सुमारे अडीच हजार लिटर पेट्रोल! लिटरला २० किलोमीटर जाणारी मोटार त्यावर ५०,००० किलोमीटर जाईल, म्हणजे विषुववृत्तावरून पृथ्वीला सव्वा प्रदक्षिणा घालील. मोटारीचे सगळे आयुष्य दोन लाख किलोमीटरचे धरले, तर तिला जन्मभर पुरणारे इंधन किती? अवघे चार ग्रॅम. चिमूटभर मिठाहून थोडे जास्त.

असे आकडे समोर आल्यावर कुणाचेही मन हुरळावे. मोठमोठ्या कारखानदारांचेही हुरळले होते. १९५८ साली अमेरिकेतील फोर्ड कंपनीने ‘न्यूक्लिऑन’ नावाच्या मोटारीची प्रतिकृती लोकांपुढे ठेवली. प्रतिकृती खऱ्या मोटारीच्या तीन-अष्टमांश आकाराची होती. मागच्या भागात अणुभट्टीची एक कुपी बसवायची. एकदा भरली की गाडी सुमारे ८,००० किलोमीटर जाणार, आणि मग पेट्रोल पंपाऐवजी कुपी बदलून देणाऱ्या केंद्रात जायचे, अशी ती कल्पना होती. तो काळच तसा होता. १९५५ च्या जानेवारीत ‘नॉटिलस’ ही पाणबुडी अणुशक्तीवर समुद्रात निघाली होती. आपल्याकडे तुर्भे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली होती. अणूला आता काहीच अशक्य नाही असे वाटण्याचे ते दिवस. भट्ट्या लहान होत जातील, त्यांची कवचे हलकी होत जातील, असे न्यूक्लिऑनच्या कल्पकांनी गृहीत धरले होते. ती मोटार कधीच तयार झाली नाही. प्रतिकृती तेवढी संग्रहालयात राहिली.

घोडे अडले कुठे? पहिली अडचण त्या चार ग्रॅमांतच आहे. चार ग्रॅम युरेनियम पेटत नाही. एका अणूचा भंग झाला, की दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर उडतात. त्यांतल्या एकाने तरी दुसऱ्या अणूचा भंग केला पाहिजे, तरच साखळी चालू राहते. तुकडा लहान असेल तर न्यूट्रॉन बाहेर निसटून जातात आणि साखळी तुटते. साखळी टिकायला किमान एक वस्तुमान लागते. त्याला क्रांतिक वस्तुमान म्हणतात. भोवती काहीही न ठेवता शुद्ध युरेनियम-२३५ चा नुसता गोळा घेतला, तर ते सुमारे ५० किलो भरते. निसटणारे न्यूट्रॉन परत आत पाठवणारे वेष्टन घातले तर कमी लागते, पण ग्रॅममध्ये ते येत नाही. २०१८ साली अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात अवकाशमोहिमांसाठी एका छोट्या अणुभट्टीची चाचणी झाली. तिच्या गाभ्यात सुमारे २८ किलो युरेनियम-२३५ होते. तिच्यापासून वीज किती मिळावी अशी योजना होती? एक किलोवॅट, म्हणजे घरातली एक विजेची इस्त्री चालेल इतकी. आणि असे शुद्ध केलेले युरेनियम म्हणजे बॉम्बचाही कच्चा माल. ते रस्त्यारस्त्यांवर मोटारींतून फिरू द्यायला जगातले कुठलेही सरकार तयार होणार नाही. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये २३५ चे प्रमाण शेकडा ०.७ एवढेच असते. ते वापरायचे तर भट्टी इमारतीएवढी होते.

दुसरी अडचण कवचाची. पुस्तके हिच्याच आधारे मोटारीला निकालात काढतात. ती नुसती वाचू नका, करून पाहा. कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण सुमारे १.२ सेंटिमीटर जाडीच्या शिशातून गेले, की त्यांची तीव्रता निम्मी होते. पुढच्या १.२ सेंटिमीटरला पाव, त्यापुढे एक-अष्टमांश. बुद्धिबळाच्या पटावर दाणे दुप्पट करत नेण्याची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहेच. ती येथे उलटी चालते. वीस वेळा निम्मे केले की तीव्रता दहा लाखांश होते. म्हणजे २४ सेंटिमीटर शिसे हवे. आता आतून एक मीटर लांब, रुंद आणि उंच अशी एक पेटी घ्या आणि तिच्याभोवती सर्व बाजूंनी २४ सेंटिमीटर शिसे लावा. बाहेरून पेटी १.४८ मीटरची झाली. तिचे घनफळ काढा, त्यातून आतला एक घनमीटर वजा करा, उरलेल्याला शिशाच्या घनतेने गुणा. उत्तर २५ टनांच्या पुढे जाते. लहान मोटारीचे वजन एक टन, आणि तिच्यात ठेवायची पेटी २५ टनांची!

बरे, एवढ्यावरही भागत नाही. अणुभट्टीतून न्यूट्रॉनही बाहेर पडतात, आणि ते शिशाला फारसे जुमानत नाहीत. त्यांना अडवायला पाणी, मेण, काँक्रीट असे हायड्रोजन असलेले पदार्थ भरपूर जाडीने रचावे लागतात. पाणबुडीला हे परवडते, कारण तिचे वजन पाणी उचलते. आपली ‘अरिहंत’ ही पाणबुडी २०१६ साली नौदलात दाखल झाली. ती सुमारे सहा हजार टनांची आहे. तिच्या पोटात भट्टी आणि कवच सहज मावते. मोटारीच्या पोटात ते मावायचे कसे?

विमानात अणुभट्टी बसवण्याचा प्रयोगही अमेरिकेने केला होता, हे फार थोड्यांना माहीत असते. एनबी-३६एच नावाच्या प्रचंड विमानात एक मेगावॅटची भट्टी चढवून १९५५ ते १९५७ या काळात ४७ उड्डाणे केली गेली. भट्टीवर विमान उडत नव्हते. ते नेहमीच्या इंधनावरच उडत होते. भट्टी वर नेली तर कवच पुरते का, एवढेच पाहायचे होते. वैमानिकांची खोली शिसे आणि रबराने मढवलेली होती. तिचेच वजन ११ टनांच्या घरात होते. सोबत दुसऱ्या विमानातून सशस्त्र सैनिक जात असत. अणुभट्टीचे विमान कोसळलेच, तर छत्रीने खाली उतरून त्या जागेला वेढा घालायचा आणि कुणाला जवळ येऊ द्यायचे नाही, हे त्यांचे काम. १९६१ साली हा सगळा कार्यक्रम गुंडाळला गेला. एका विमानामागे एक पलटण! हे सैनिक ध्यानात ठेवा. त्यांची आठवण पुढे होणार आहे.

आता तुमच्यापैकी एखादा चौकस वाचक म्हणेल, “पण मंगळावर तर अणुशक्तीची गाडी चालते!” अगदी बरोबर. ‘क्युरिऑसिटी’ ही गाडी ऑगस्ट २०१२ मध्ये मंगळावर उतरली. आकाराने लहान मोटारीएवढी, वजन सुमारे ९०० किलो. तिच्यात अणुभट्टी नाही. ४.८ किलो प्लुटोनियम डायऑक्साइड आपोआप क्षय पावत असते, त्याची उष्णता सुमारे २,००० वॅट निघते, आणि तिच्यापासून सुरुवातीला ११० वॅट वीज मिळत होती. या सगळ्या संचाचे वजन ४५ किलो. सपाट जमिनीवर गाडीचा जास्तीत जास्त वेग सेकंदाला चार सेंटिमीटर. एक किलोमीटर जायला तिला सात तास लागतील. नवीन जालन्याहून कुंडलिका ओलांडून जुन्या जालन्यात कामाला जायचे असेल, तर तिकडे पोचेपर्यंत दिवस मोडेल!

तिलाच मोठी करू. साध्या रस्त्यावर बेताच्या वेगाने जाणाऱ्या लहान मोटारीला सुमारे १० किलोवॅट शक्ती लागते असे धरा. त्यासाठी असे ९१ संच हवेत. त्यांचे वजन चार टनांहून जास्त, त्यांत प्लुटोनियम डायऑक्साइड ४३७ किलो. हे प्लुटोनियम-२३८ खाणीत सापडत नाही, मुद्दाम तयार करावे लागते. वर्षाला दीड किलो तयार करावे, असे अमेरिकेने आपल्यापुढे उद्दिष्ट ठेवले. त्या गतीने एका मोटारीचा साठा व्हायला तीनशे वर्षांच्या आतबाहेर लागतील. शिवाय या इंधनाला चावी नाही. गाडी दारात उभी असली तरी रात्रंदिवस १८० किलोवॅट उष्णता ओकत राहणार. मे महिन्यातल्या जालन्यात ती लावायची कुणाच्या दारात?

मात्र अशा शक्तीचा योग्य उपयोग कुठे, हेही मंगळाची गाडी दाखवते. जिथे दुसरे काही पुरत नाही, आणि जिथून यंत्र परत आणायचे नाही, तिथे. चांद्रयान-३ च्या मोहिमेतही एक-एक वॅटचे दोन छोटे अणुतापक नेले होते, ते चंद्राकडे जाणाऱ्या भागात.

इथपर्यंत पुस्तकांचे उत्तर झाले. पण हे उत्तर मला पुरे वाटत नाही, कारण त्यातल्या सगळ्या अडचणी कारागिरीच्या आहेत, आणि कारागिरीच्या अडचणी माणूस आज ना उद्या दूर करतो. उद्या तुमच्यापैकीच कुणी हलके कवच शोधले, कमी युरेनियमवर चालणारी चिमुकली भट्टी बनवली असे समजू. चार ग्रॅमांवर दोन लाख किलोमीटर जाणारी, एका टनाची, स्वस्त, बिनधुराची मोटार तुम्ही माझ्यापुढे उभी केली. तरीही माझे मत असे, की ती रस्त्यावर येऊ देऊ नये. का, ते सांगतो.

प्रत्येक मोटार एक दिवस मोडते. पंधरा वर्षांनी, वीस वर्षांनी मालक बदलत बदलत ती अशा माणसाकडे पोचते, की ज्याला तिच्या कागदपत्रांची माहिती नसते. तो ती वजनावर विकतो. भंगारवाला तिच्यातले तांबे, ॲल्युमिनियम, शिसे वेगळे काढतो. (हो, शिसेसुद्धा! त्याला चांगला भाव येतो. म्हणजे कवच सगळ्यांत आधी काढले जाणार.) उरलेले लोखंड ट्रकमध्ये पडते आणि भट्टीच्या गावाला निघते. आमच्या गावाला.

तिच्या पोटात काय असेल? युरेनियमच्या भंगातून जे तुकडे होतात त्यांत सिझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० हे दोन मुख्य त्रासदायक. दोघांचेही अर्धायुष्य तीस वर्षांच्या आसपास. मोटार पंधरा वर्षांत मोडीत निघते, तेव्हा पहिल्या वर्षी तयार झालेले सिझियमही जवळजवळ शेकडा ७० शिल्लक असते. ते हजारांश व्हायला दहा अर्धायुष्ये, म्हणजे ३०० वर्षे लागतात. थोरल्या बाजीरावाच्या काळात कुणी अशी मोटार मोडीत काढली असती, तर तिच्यातले सिझियम आज कुठे हजारांशावर आले असते. शिवाय न्यूट्रॉनच्या माऱ्याने भट्टीचे पोलादही किरणोत्सर्गी होते. त्यातल्या कोबाल्टचे कोबाल्ट-६० बनते.

चार ग्रॅमांतून एवढे काय होणार, असे म्हणू नका. १०० ग्रॅम युरेनियमच्या भंगातून सुमारे साडेतीन ग्रॅम सिझियम-१३७ तयार होते. आपल्या मोटारीच्या चार ग्रॅमांतून सुमारे १४० मिलिग्रॅम. आता दुसरा आकडा पाहा. १९८७ च्या सप्टेंबरात ब्राझीलमधील गोइयानिया शहरात एका ओसाड रुग्णालयातून कर्करोगावरच्या उपचाराचे जुने यंत्र भंगार म्हणून काढून नेण्यात आले. भंगारवाल्याच्या अंगणात ते फोडले गेले. आतली पूड अंधारात निळी चमकत होती. लोकांना ती नवलाची वाटली. त्यांनी ती नातेवाइकांना वाटली, मुलांच्या हातात दिली. त्यात सिझियम-१३७ होते. चार माणसे मरण पावली, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. एक लाखाहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली. घरे पाडावी लागली. त्या पुडीतले सिझियम-१३७ किती होते? जेमतेम १६ ग्रॅम. म्हणजे आपल्या कल्पनेतल्या शंभर-सव्वाशे मोटारींत मिळून जितके असेल तितके. शंभर मोटारी म्हणजे किती, हे सदर बाजारात संध्याकाळी उभे राहून मोजा.

आणि आपण ब्राझीलपर्यंत तरी का जावे? २०१० च्या एप्रिलमध्ये दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात हेच घडले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने १९६८ साली कॅनडाहून आणलेले कोबाल्ट-६० चे एक यंत्र १९८५ पासून पडून होते. ते लिलावात विकले गेले. मायापुरीत ते फोडले, कोबाल्टच्या कांड्या बाहेर आल्या. सात-आठ जण रुग्णालयात गेले आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. शिक्षकांनी हे उदाहरण फळ्यावर जरूर मांडावे: कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे. १९६८ ते २०१० ही ४२ वर्षे, म्हणजे आठ अर्धायुष्ये. दोनाचा आठवा घात २५६. मूळच्या किरणोत्सर्गाचा २५६ वा हिस्सा उरला होता, आणि तेवढ्याने माणूस दगावला. ते यंत्र होते एका विद्यापीठात, म्हणजे जिथे अर्धायुष्य म्हणजे काय हे प्रत्येकाला ठाऊक असावे अशा जागी! तिथे विसर पडू शकतो, तर मोटारीच्या चौथ्या मालकाला आपण काय बोल लावणार?

भंगाराच्या ढिगात असा तुकडा ओळखता आला नाही, आणि तो भट्टीत पडला, तर काय होते हे आमच्या गावाने समजून घ्यायला हवे. उष्णतेने किरणोत्सर्ग नष्ट होत नाही. अणुगर्भाला १,६०० अंशांची भट्टी काय आणि बर्फ काय, सारखेच. पण कोणता पदार्थ कुठे जाईल ते रसायनशास्त्र ठरवते. सिझियम ६७१ अंशांना उकळते. त्याची वाफ होते आणि ते धुराड्याच्या धुळीत जाते. १९९८ साली स्पेनमधील अल्गेसिरास शहराजवळच्या पोलाद कारखान्यात असे झाले, तेव्हा त्याचा माग फ्रान्स, स्वित्झर्लंड, जर्मनीपर्यंतच्या हवेत लागला. स्ट्रॉन्शियम, युरेनियम, प्लुटोनियम हे मळीत जातात. कोबाल्टची गोष्ट निराळी. आवर्त सारणी उघडा: लोखंडाचा अणुक्रमांक २६, कोबाल्टचा २७. शेजारी शेजारी. कोबाल्ट लोखंडात असा विरघळतो, की वेगळा काढता येत नाही. तो थेट सळईत जातो.

हेही घडून गेलेले आहे. मेक्सिकोतील हुआरेझ शहरात १९८३ च्या डिसेंबरात उपचाराच्या यंत्रातले कोबाल्टचे सुमारे सहा हजार बारीक दाणे भंगारातून भट्टीत गेले. त्याच्या सळया झाल्या, घरांत बसल्या. कळले कसे? जानेवारी १९८४ मध्ये त्या सळया नेणारा एक ट्रक वाट चुकून अमेरिकेतील लॉस अलामॉस या अणुसंशोधन संस्थेच्या दारात गेला, आणि तिथली किरणांची घंटा वाजली. चालकाची वाट चुकली नसती, तर आणखी किती दिवस हे कुणाला कळले नसते, सांगता येत नाही. पुढे शेकडो घरे पाडावी लागली. आणि आपल्या महाराष्ट्रातच, २००८ साली, फ्रान्समधल्या उद्वाहनांच्या बटणांत कोबाल्ट-६० आढळले. ती बटणे भारतातून आलेल्या पोलादाची होती. माग काढत काढत तपास रायगड जिल्ह्यातील खोपोलीच्या एका ओतशाळेपर्यंत आला. भंगार जागतिक असते, मित्रांनो. ते कुठून येते आणि त्याचे पोलाद कुठे जाते, याला सरहद्द नाही.

या सगळ्या घटनांमध्ये दोषी वस्तू मोजक्याच होत्या. देशात अशी यंत्रे काही हजार असतील, प्रत्येकाची नोंद असते. १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ त्यांवर लक्ष ठेवते. तरीही एखादे निसटते. मोटारी मात्र कोट्यवधी असतात. त्या विकल्या जातात, चोरल्या जातात, नदीत पडतात, एकमेकींवर आदळतात. विमानाबरोबर जाणाऱ्या त्या सैनिकांची आठवण झाली ना? कोट्यवधी गाड्यांना पलटणी कुठून आणायच्या?

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो विचार करण्याजोगा आहे. पेट्रोल काय कमी घातक आहे? ते पेटते, माणसे होरपळतात, धुराने छातीचे विकार होतात. खरे आहे. पेट्रोलची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. पण फरक पाहा. पेट्रोलची आग दिसते, तिचा वास येतो, आणि ती विझते. दुसऱ्या दिवशी त्या जागेवर मुले खेळू शकतात. गॅमा किरण दिसत नाहीत, त्यांना वास नाही, आणि विझवायला जगात कुठलाही बंब नाही. शिवाय पेट्रोलची टाकी रिकामी झाली, की मोटार निरुपद्रवी होते. अणुमोटारीचे उलट आहे. ती जितकी जास्त चालेल, तितकी तिच्या पोटातली राख जास्त घातक होत जाईल. ती सर्वांत धोक्याची असते ती नेमकी मोडीत काढण्याच्या दिवशी.

मग अणुशक्ती नकोच का? मी तसे म्हणणार नाही. भट्टी एका जागी ठेवा, तिच्याभोवती काँक्रीट रचा, पहारा बसवा, इंधनाच्या कांडीकांडीचा हिशोब ठेवा, आणि तिची नुसती शक्ती तारेतून गावोगाव पाठवा. तारापूरला १९६९ पासून हेच चालले आहे. तिथे २००५ आणि २००६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॅटचे आणखी दोन संच सुरू झाले. तारापूरच्या राखेचाही प्रश्न आहेच. ती शेकडो वर्षे सांभाळावी लागणार. पण ती कुठे आहे हे माहीत आहे. तिला चौथा मालक नाही.

आणि गंमत अशी, की या वाटेने अणुशक्तीची गाडी आपल्या गावात येऊनही गेली. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून मुंबईला ‘वंदे भारत’ सुरू झाली (पुढे ती नांदेडपर्यंत नेली), ती विजेवर धावते. रस्त्यावर दिसणारी विजेरी दुचाकी आणि रिक्षाही तशीच. आमच्या भट्ट्यादेखील विजेवरच भंगार वितळवतात. त्या विजेत तारापूरचा वाटा थोडासा असतो. देशाच्या एकूण विजेत अणुवीज शेकडा तीनच्या आसपास आहे, आणि मोठा भाग अजून कोळशाचाच. तेव्हा विजेची गाडी घेतली म्हणजे धूर संपला असे मानू नका. तो धूर चंद्रपूर-परळीकडे सरकला इतकेच. हा वाटा कसा बदलायचा, अणूने, उन्हाने की वाऱ्याने, हा वाद अवश्य घाला. तो घालण्याजोगा आहे.

त्या नववीतल्या मुलाला मी हे सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “सर, मग ह्या ट्रकमध्ये तसले काही नाही, हे कोण बघतं?” प्रश्न माझ्या लेखापेक्षा चांगला होता. भंगार आत घेताना दारातच किरणमापक बसवता येतो. ट्रक त्याच्या दोन खांबांमधून गेला की आत काही असल्यास घंटा वाजते. लॉस अलामॉसच्या दारात वाजली तशीच. शाळेची सहल पोलाद कारखान्यात गेली, तर तो मापक दाखवा असे तेथील अधिकाऱ्यांना जरूर सांगा, आणि शेवटची घंटा कधी वाजली होती तेही विचारा.

तोवर एक खूण पाठ करून ठेवा. पिवळ्या पाटीवर मध्ये एक ठिपका आणि त्याभोवती पंख्यासारखी तीन पाती, काळी किंवा जांभळी. २००७ पासून अतिघातक यंत्रांसाठी आणखी एक खूण आली आहे: तांबडा त्रिकोण, त्यात किरण, कवटी आणि पळणारा माणूस. भंगाराच्या ढिगात, गोदामात, कुठेही अशी खूण असलेली वस्तू दिसली, किंवा लहान असून विलक्षण जड असा शिशाचा डबा सापडला, तर हात लावू नका, उघडू नका, घरी आणू नका. आधी लांब जा. अंतर दुप्पट केले की किरणांची मात्रा चौथाई होते, दसपट केले की शंभरांश. मग मोठ्या माणसांना आणि पोलिसांना कळवा, आणि ते येईपर्यंत दुसऱ्या कुणालाही जवळ जाऊ देऊ नका.